‘पुढच्या पंपावर भरू’: नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी पेट्रोलचा हिशेब

जुलैचा पाऊस, ताम्हिणीचा रस्ता, गाडीत बहीण, भाऊजी आणि मागे पेंगणारी दोन पोरं. पिरंगुटला बहीण म्हणाली, “दादा, पेट्रोल टाकून घे ना.” पंपावर सात-आठ गाड्यांची रांग होती. काटा पावच्या किंचित वर. मी म्हटलं, “पुढच्या पंपावर भरू. पुढे काय, घाट उतरायचाच आहे.”

मुळशी मागे पडलं. धबधब्यापाशी फोटो झाले. काचांवर वाफ धरत होती म्हणून एसी चालूच. रविवारच्या गर्दीत पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत काढला. दिवा लागला तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. घाट उतरून सपाटीला लागलो, गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने मला माणगावपर्यंत सोडलं. पंपावरच्या पोराने बाटलीत पेट्रोल द्यायला साफ नकार दिला, मग गॅरेजवाल्याचा पत्र्याचा कॅन मागून आणावा लागला. सगळं मिळून अडीच तास. माझं पेट्रोल ताम्हिणीत संपलं असं बहीण अजून म्हणत नाही. ते पिरंगुटच्या पंपावरच संपलं होतं, असं म्हणते.

तिचं बरोबर आहे. म्हणून हा लेख नुकतं लायसन्स हातात आलेल्यांसाठी, पहिल्यांदा शहराबाहेर गाडी काढणाऱ्यांसाठी. आधी काट्याचं ऐका, पण त्याच्यावर फार विसंबू नका, इथपासून सुरुवात करू.

काटा काय सांगतो, काय लपवतो

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, तसाच एक फ्लोट पेट्रोलच्या टाकीत तरंगत असतो. पेट्रोल खाली गेलं की फ्लोट खाली, त्याची दांडी खाली, आणि त्यावरून डॅशबोर्डवरचा काटा खाली. एवढी साधी यंत्रणा. त्यामुळे तिचे दोषही साधेच आहेत.

गाडी चढावर उभी असेल तर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं, फ्लोट वर-खाली होतो आणि काटा खोटं बोलतो. घरासमोर उतारावर गाडी लावता? मग सकाळी दिसणारा काटा खरा धरू नका. सपाट रस्त्यावर दोन-चार मिनिटं गाडी चालली की मग बघा.

दुसरं, काटा सारख्या गतीने उतरत नाही. टाकी फुल केली की कितीतरी किलोमीटर तो ‘फुल’लाच चिकटलेला असतो, कारण फ्लोट वर टेकल्यानंतरही टाकीत थोडं पेट्रोल मावतं. नवा माणूस खूश होतो, काय ॲव्हरेज देतेय गाडी! मग अर्ध्याखाली आल्यावर तोच काटा भराभर घसरायला लागतो. टाक्यांचे आकारही वेडेवाकडे असतात, म्हणून अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं गणित बहुतेक गाड्यांत तंतोतंत बसत नाही.

तिसरा फसवा सोबती म्हणजे नव्या गाड्यांतला तो आकडा: ‘अजून ११० किमी जाईल’. गाडी हा आकडा तुम्ही नुकती जशी चालवली त्यावरून काढते. हायवेवर सत्तर-ऐंशीने शांत आलात तर आकडा गुलाबी दिसतो. तोच घाट सुरू झाला की दहा किलोमीटर चालून पंचवीस किलोमीटर कमी झालेले दिसतात. तो अंदाज आहे. कुणी लिहून दिलेलं नाही.

काटा बघताना आणखी एक गोष्ट बघून ठेवा. पंपाच्या छोट्या चित्राशेजारी एक बारीक त्रिकोण असतो. तो ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण. पंपावर उलट्या बाजूने गाडी लावून मागच्याचे हॉर्न खाण्यापेक्षा हे बरं.

स्वतःच्या गाडीचा हिशेब काढा

हे काम एकदाच करायचं आहे आणि मला विचाराल तर सगळ्या लेखात हेच सगळ्यात उपयोगाचं आहे. ‘दिवा लागल्यावर पन्नास किलोमीटर जाते’ असं कुणीही सांगेल. ते त्याच्या गाडीचं. तुमच्या गाडीचं तुम्ही काढा.

पहिलं ॲव्हरेज. टाकी फुल करा. नॉझल ‘टक’ करून आपोआप बंद होतं, तिथेच थांबवा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा ‘टक’ होईपर्यंत फुल करा. माझ्या गाडीचं एकदा असं निघालं: ट्रिप मीटरवर ४१२ किमी, पावतीवर २५.७५ लिटर. भागाकार केला, १६. शोरूममधल्या माणसाने सांगितलेला आकडा यापेक्षा बराच गोंडस होता. सोडा.

असं तीन-चार वेळा करा. शहरातलं वेगळं, हायवेचं वेगळं. वहीत लिहा नाहीतर मोबाईलवर, पण लिहा.

दुसरं, दिवा लागल्यावर टाकीत नक्की किती उरतं ते. गाडीच्या पुस्तिकेत टाकीची क्षमता दिलेली असते, माझ्या हॅचबॅकची ३७ लिटर. ज्या दिवशी पंप जवळ आहे अशा ठिकाणी, म्हणजे शहरातच, दिवा लागेल त्या दिवशी लगेच जाऊन फुल करा. माझ्या गाडीत ३१.४ लिटर बसलं. ३७ वजा ३१.४, म्हणजे दिवा लागला तेव्हा ५.६ लिटर शिल्लक होतं. सोळाने गुणलं तर नव्वदच्या आसपास किलोमीटर.

आता या नव्वदवर जगायचं नाही. तळाचं थोडं पेट्रोल टाकीतल्या पंपाला ओढताच येत नाही, चढावर तर नाहीच, आणि घाटात ॲव्हरेज सोळाचं दहा-अकरावर येतं. म्हणून त्याचं निम्मं करायचं. माझ्या गाडीत दिवा लागला की माझ्या डोक्यात ४५ किमी. तुमचा आकडा निघाला की स्टिअरिंगशेजारी चिठ्ठी डकवून ठेवली तरी चालेल. माझ्या गाडीत आहे.

पाव म्हणजे रिकामी

नियम एकच पाळा: काटा पाववर आला की टाकी संपली असं समजा. अनोळखी रस्त्यावर, घाटात किंवा रात्री तर अर्ध्यालाच भरा. पैसे तेवढेच जातात, फक्त दोनदा जातात.

याला दुसरंही कारण आहे. इंजेक्शनच्या, म्हणजे आजच्या बहुतेक, गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि आजूबाजूचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. सतत तळाला टेकवून गाडी चालवली की तो तापतो, लवकर जातो, आणि बदलायचा खर्च काही हजारांत. ‘तळाचा गाळ इंजिनात जातो’ असं मेकॅनिक सांगतात ते मात्र अर्धंच खरं. पंप नेहमी तळातूनच ओढतो, टाकी भरलेली असो वा रिकामी.

आणि ते ‘शंभरचं टाका’ बंद करा. कॉलेजात असताना ठीक होतं. आता शंभराच्या नोटेत लिटरभरही येत नाही, आणि अशा तुकड्यातुकड्यांनी भरलेल्या टाकीचा हिशेब कुणालाच लागत नाही. भरताना मशीनवर शून्य बघा, नॉझल ‘टक’ झालं की ‘राउंड फिगर करू का’ला नाही म्हणा. गळ्यापर्यंत भरलेलं जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं आणि तिथला फिल्टर खराब करतं.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. पाच-सहा वर्षांपूर्वी काढलेला आकडा डोक्यात असेल तर नवा काढा.

निघण्याआधी रस्त्याचा विचार

‘किती किलोमीटर’ याहून ‘पंप कुठे आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे जेमतेम ९४.५ किमीचा, फूड मॉलपाशी पंप आहेत, तरी तिथे लोक अडकतात. का? शनिवारी सकाळी बोरघाटात गाड्या तुंबल्या की दोन-दोन तास जागेवर. एसी लावून उभी गाडी तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल पिते आणि ट्रिप मीटर एक किलोमीटरही पुढे सरकत नाही. वाशीला किंवा वाकडला घ्यायचं पेट्रोल ‘मॉलला घेऊ’ म्हणून टाळू नका.

समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. सगळा मिळून ७०१ किमी. जुन्या रस्त्यावर गाव आलं की पंप, पंपाशेजारी चहा, ही आपली सवय. इथे गावं रस्त्यापासून लांब, मधे कुंपण, आणि बाहेर पडायचं तर इंटरचेंजवरूनच. एक चुकलं की पुढच्यापर्यंत गत्यंतर नाही. शिवाय मोटारींना १२० ची मुभा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या तुलनेत १२० ला सव्वादोन पट. सोळा देणारी माझी गाडी तिथे बारा-तेरावर आली. नागपूरहून टाकी फुल करून निघालात म्हणून मुंबईकडच्या टोकापर्यंत एका दमात जाल असं धरू नका. पंप दिसला आणि काटा अर्ध्याखाली असेल तर वळा.

ताम्हिणीला जाताना पिरंगुटलाच भरा, माझ्या बहिणीचं ऐका. आंबोलीसाठी आजरा किंवा सावंतवाडी. कोकणात दापोली-गुहागरच्या अंगाने किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार असाल तर तालुक्याच्या गावी भरायचं आणि मग आत शिरायचं. आतले बरेच पंप रात्री बंद होतात, कधी वीज नसते, कधी ‘स्टॉक संपला’ची पाटी. खिशात पाचशे-हजार रुपये रोख ठेवा, रेंज नसली की क्यूआर कोड नुसतं चित्र उरतं. गणपतीत चाकरमान्यांबरोबर निघणार असाल तर आदल्या रात्री घराजवळ टाकी फुल, हा प्रश्नच नाही.

कधीकधी रस्ता नाही, पुरवठाच दगा देतो. १ जानेवारी २०२४ ला हिट-अँड-रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध टँकरचालकांनी स्टिअरिंग सोडलं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकर निघेनात, आणि एका दिवसात उत्तर महाराष्ट्र, मराठवाड्यात पंपांवर रांगाच रांगा. त्या संध्याकाळी ज्यांच्या टाकीत निम्मं होतं ते घरी बसून बातम्या बघत होते.

दुचाकीवाल्यांसाठी

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना टाकीखाली कॉक असायचा: ऑन, रिझर्व्ह, ऑफ. टाकीत दोन नळ्या, एक उंच, एक बुटकी. ‘ऑन’ला उंच नळीतून पेट्रोल येतं. पातळी तिच्याखाली गेली की गाडी आचके देते, मग चालता चालता डाव्या हाताने चाचपून कॉक रिझर्व्हला. हे जमणं म्हणजे एकेकाळी गाडी आल्याची खूण होती. यातली ठरलेली चूक: पेट्रोल भरलं पण कॉक परत ‘ऑन’ला आणायचा राहिला. पुढच्या वेळी आचका येतो तेव्हा रिझर्व्हही संपलेला असतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले, इंजेक्शन आलं, आणि बहुतेक गाड्यांचा कॉक गेला. आता नुसता लुकलुकणारा दांडा किंवा दिवा. साध्या स्कूटरची टाकी पाच लिटरच्या आसपास, त्यात लुकलुक सुरू झाली की पंप शोधायचा, ‘उद्या सकाळी ऑफिसला जाताना’ नाही. कारण सकाळी उशीर झालेलाच असतो.

बाईक बंद पडलीच तर एक जुनी युक्ती अजून चालते. मोटरसायकलची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी मधोमध उंच असते, पलीकडच्या कप्प्यात थोडं पेट्रोल अडकून राहतं. गाडी नळीच्या बाजूला चांगली कलंडवा, दहा सेकंद धरा, सरळ करा. एक-दोन किलोमीटरचं पेट्रोल मिळून जातं. वडील चेतक आडवी करून किक मारायचे ते पाहिलेल्या पिढीला हे सांगायला नको.

सीएनजीवाल्यांसाठी

तुमचा घोटाळा वेगळा. सीएनजी संपला तर गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, म्हणून माणूस निर्धास्त. आणि पेट्रोलच्या टाकीकडे सहा महिन्यांत बघितलेलं नसतं. सीएनजीच्या पंपावर तासाची रांग, नंबर आला की ‘प्रेशर नाही’, तिथून निघालात आणि पेट्रोलचा काटाही तळाला, ही कहाणी मी शेजाऱ्यांकडून दोनदा ऐकली. बऱ्याच गाड्या सुरू होतानाही पेट्रोलच घेतात. पेट्रोल कायम पाव टाकीच्या वर असू द्या आणि आठवड्यातून पाच-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे ते शिळंही होत नाही. घाटमाथा ओलांडून लांब जाताना पूर्ण प्रवास पेट्रोलवर झाला तर पुरेल का, असा हिशेब करा.

दिवा लागला, पंप दिसत नाही

घाबरून वेग वाढवणं ही पहिली चूक. ‘संपायच्या आत पोहोचू’ म्हणून शंभरने पळवली की उलट लवकर संपतं.

एसी बंद करा. पन्नास-साठच्या संथ वेगाने, वरच्या गिअरमध्ये. ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवा की खाली अंडं आहे. पुढे सिग्नल किंवा वळण दिसलं की लांबूनच पाय काढा, ब्रेक कमी लागेल.

उतारावर न्यूट्रल करू नका. इंजिन तर त्याहून बंद करू नका. ट्रकवाल्यांची ही जुनी सवय आपल्याकडे शहाणपण म्हणून खपते. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, वर इंजिनाचं ब्रेकिंग जातं आणि ब्रेक तापतात.

गाडी बाजूला थांबवून नकाशावर पंप शोधा, चालवता चालवता नाही. नंबर दिला असेल तर फोन करा, ‘चालू आहे का, पेट्रोल आहे का’. नकाशात दिसणारा पंप बंद पडून दोन वर्षं झालेली असू शकतात. ढाब्यावर, टपरीवर विचारा. ‘इथंच आहे, पाच मिनिटं’ असं उत्तर आलं तर किलोमीटर विचारा. गावाकडची पाच मिनिटं माझ्या अनुभवात बारा किलोमीटरपर्यंत गेलेली आहेत.

आणि वाटलं की पोहोचणार नाही, तर आधीच थांबा. टोलनाका, ढाबा, गावातला चौक, उजेड आणि माणसं असलेली कुठलीही जागा. टाकीत दोन लिटर असताना ढाब्यावर थांबून मदत मागणं आणि बोगद्यात बंद पडणं, यात फार फरक आहे.

बंद पडलीच तर पहिली दोन मिनिटं

गाडी सांगून बंद पडते. आधी चढावर दम लागल्यासारखी ओढेनाशी होते, मग आचके. पहिल्या आचक्यालाच इंडिकेटर देऊन डावीकडे सरका, वेग आहे तोवर.

क्लच दाबा, वेगावर गाडी जितकी पुढे सरकेल तितकी सरकू द्या आणि रस्त्याच्या बाहेर काढा. चावी बंद करून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, घाबरू नका, जोर लावला की वळतं. ब्रेकची मदतही एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून पंप केल्यासारखा दाबत बसू नका. एकदाच घट्ट आणि धरून ठेवा.

थांबलात की हँडब्रेक, चारही इंडिकेटर. लाल त्रिकोण डिकीत असतो, तो गाडीमागे निदान पन्नास पावलांवर, एक्स्प्रेसवेवर त्याच्या दुप्पट. सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवा आणि कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून राहणं आणि गाडीच्या पुढे उभं राहणं, हायवेवर दोन्ही धोक्याचं, कारण मागून आलेला ट्रक गाडीलाच पुढे ढकलतो. गावातल्या शांत रस्त्यावर रात्री एकट्या असाल तर मात्र काचा वर, दारं लॉक, आणि ११२ ला फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

त्रिकोण नसेल तर आपल्याकडे फांद्या आणि दगड मांडतात. मांडा, पण निघताना उचला. रात्री रस्त्याच्या मधोमध राहिलेल्या दगडावरून पुढचा दुचाकीवाला जातो. माझं तर मत आहे की दगड मांडूच नयेत, फांदी पुरे.

पेट्रोल आणायचं कसं

आधी विम्याचे कागद बघा. गाडीबरोबर किंवा विम्यात ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेतलेलं असतं आणि बहुतेकांना ते आठवतच नाही. ते लोक काही लिटर आणून देतात, पेट्रोलचे पैसे आपण द्यायचे. तो नंबर आजच मोबाईलमध्ये साठवून ठेवा, कारण कागद घरी कपाटात असतात.

ते जमत नसेल तर स्वतः. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत बरेच पंप देत नाहीत आणि ते त्यांचं चुकत नाही. पातळ प्लॅस्टिक, स्थिर विजेची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ हे त्रिकूट वाईट. धातूचा झाकणाचा कॅन घ्या, भरताना हातात धरू नका, जमिनीवर ठेवा, आणि गळ्याशी थोडी जागा सोडा. गावच्या टपरीवर बाटलीत मिळणारं पेट्रोल शेवटचा उपाय म्हणूनही मी घेणार नाही. त्यात रॉकेल किती हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दुसऱ्या गाडीतून नळीने, तोंडाने ओढून पेट्रोल काढणं सरळ विसरा. घोट फुप्फुसात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. हाताने दाबायचा सायफन पंप ऑटो पार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तरी नव्या गाड्यांच्या टाकीच्या तोंडाशी जाळी असते, नळी आत जातच नाही.

एक लिटर आणू नका. गाडी चढावर तोंड करून उभी असेल तर लिटरभर पेट्रोल टाकीतल्या पंपाच्या तोंडापर्यंत पोचेलच असं नाही. मोटारीला चार-पाच लिटर, बाईकला लिटर-दीड. बाटली कापून फनेल करता येतं, फक्त टाकीच्या तोंडाशी झडप असेल तर ते आतपर्यंत गेलं पाहिजे. माझं गेलं नव्हतं. निम्मं माझ्या पँटवर, आणि घरी पोहोचेपर्यंत सगळ्या काचा उघड्या.

ओतलं की लगेच स्टार्टर मारू नका. चावी ‘ऑन’ करून पाच सेकंद थांबा, टाकीतून ‘झुंऽऽ’ असा बारीक आवाज येईल, तो पंप नळी भरतोय. बंद करा. असं तीन-चारदा. मग स्टार्ट. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारायचा नाही, न झाल्यास अर्धा मिनिट थांबून पुन्हा. तासभर लुकलुकणारे चार दिवे बॅटरी आधीच खात आलेले असतात.

डिझेलची गाडी असेल तर हे प्रकरण लांबतं. डिझेल संपलं की नळीत हवा शिरते, ‘एअर घेतली’ म्हणतात ते हेच. जुन्या गाड्यांत फिल्टरवर हाताने दाबायचा पंप असतो. डिझेल ओतून तो कडक लागेपर्यंत दाबायचा, मग सेल. नव्या कॉमन रेल गाड्यांत चावी ऑन-ऑफने बऱ्याचदा जमतं. दोन-चार प्रयत्नांत नाही झालं तर मेकॅनिक बोलवा, रेटून सेल मारत राहिलात तर महागडा हाय-प्रेशर पंप कोरडा फिरतो. डिझेलवाल्यांनी पावचा नियम अर्ध्याचा करावा असं मी म्हणतो ते यासाठी.

टोचन करून न्यायची वेळ आली तर ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नका, ती पूर्ण उचलूनच न्यावी लागते. बाईकला मागच्या बाईकवरून पाय लावून ढकलत नेणं पुण्यात रोज दिसतं. गल्लीत ठीक, पुलावर आणि हायवेवर नाही.

गाडी सुरू झाली की पहिल्या पंपापर्यंतच जायचं आणि फुल करायची. चार लिटरवर ‘आता घरी पोचतो’ म्हणणारे मी पाहिले आहेत. कॅन परत द्यायचा असेल तर त्यातला वास जाईपर्यंत डिकीत बंद करून फिरू नका, आणि गॅरेजवाल्याला पैसे विचारा. माझ्या त्या माणसाने घेतले नाहीत. फक्त म्हणाला, “साहेब, पिरंगुटला रांग होती का?”